दुसऱ्याचं काय चालू नाय ना?

प्रवीणने पिशवी उपडी केली आणि गोळ्यांच्या बारा पट्ट्या जेवणाच्या टेबलावर पसरल्या. एकीतलीही गोळी काढलेली नव्हती.

"मोज," तो मनोजला म्हणाला.

सहा वर्षांत धाकट्या भावाशी तो थेट बोलला तो हा एवढा एक शब्द. रस्त्यालगतच्या सामाईक जमिनीवर बहिणीचं, छायाचं, उपचार केंद्र उभं राहिलं, मनोजने त्याला चिकटून मुंबईच्या पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या, तेव्हापासून दोघं भाऊ एकमेकांना निरोप धाडत ते आईच्या तोंडून. आता आईचीच वाचा गेली होती, त्यामुळे बोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

छायाला मोजायची गरज पडली नाही. पट्टीत दहा, रोजची एक. एकशेवीस दिवस. गणपती गेले आणि तिच्या आईने रक्तदाबाची गोळी बंद केली, ती थेट न्हाणीघराच्या दारात कोसळेपर्यंत. त्याला आज नऊ दिवस झाले होते. काल खोपोलीच्या इस्पितळातून तिला घरी आणलं. उजवं अंग गेलेलं, जीभ जड झालेली. पलीकडच्या खोलीत, पातळ भिंतीमागे, आई सुंदरा डोळे उघडे ठेवून पडली होती.

पट्ट्या सापडल्या त्या प्रवीणच्या मुलीला. आरोही फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होती. आजीला अंगात घालायला काही सैलसर मिळतंय का म्हणून तिने पेटी उघडली, तर नऊवारी लुगड्यांच्या घडीखाली हे. सापडल्याबरोबर ती बापाला बोलली, आत्याला नाही. छायाला ते लागलं होतं. आता आरोही भिंतीला टेकून उभी होती.

"मोहोपाड्याच्या मेडिकलमधून दर महिन्याला मी आणतो," प्रवीण म्हणाला. "कंपनीतून सुटलो की आधी गोळ्या, मग घर. आई हातात घ्यायची, कपाळाला लावायची. मला वाटायचं, पोराची किती माया हाय तिला." तो खाकरला. "आणि तू गं? तू तर घरात. मोठी डॉक्टर. चार महिने तुला कळू नये?"

"गणपतीनंतर मी तिचं प्रेशर एकदाही मोजलं नाही, दादा."

खोटं बोलणं छायाच्या स्वभावात नव्हतं, आणि असतं तरी या टेबलावर ते टिकलं नसतं. केंद्रातल्या प्रत्येक माणसाचा केसपेपर ती करायची. आधी रक्तदाब, साखर, जुने रिपोर्ट, चालू गोळ्या. हे सगळं कागदावर उतरल्याशिवाय कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही, हा नियम तिचा तिनेच घातलेला. आईने मात्र पहिल्याच गुरुवारी तो उडवून लावला होता. "घरच्या माणसाला कसला गं केसपेपर? ठेव हात गुडघ्यावर." छाया हसली आणि तिने हात ठेवले. मग दर गुरुवारी संध्याकाळी वीस मिनिटं. आई बसल्या जागी डुलक्या घ्यायची आणि उठून म्हणायची, पिसासारखं वाटतंय. लेकीला आणखी काय हवं असतं?

"ताईवर कशाला घसरतोस?" मनोज म्हणाला. तो मोठ्या भावाकडे न बघता पट्ट्यांशी बोलत होता. "चौऱ्याहत्तर वय हाय. या वयात गोळी घेणाऱ्यांनाबी झटके येतात. झालं ते झालं. बाहेर केंद्राच्या मांडवात पन्नास-साठ माणसं बसलीत, रविवार हाय आज. काल रात्रीच पाहुण्यांना मडक्यात वालाच्या शेंगांची पोपटी लावली, सगळ्या खोल्या भरल्यात. हे असलं भांडण त्यांच्या कानावर गेलं तर काय वाटंल?"

"कळू दे त्यांना! बंद कर म्हणतो मी ते केंद्र, आजच्या आज. लोकांच्या अंगावर हात फिरवायला एवढी शिकलीस का तू?"

बडेकरांच्या सात पिढ्यांत एवढं कुणी शिकलं नव्हतं, हे खरंच. मुंबईत एमबीबीएस, मग एमडी, मग चौदा वर्षं खोपोलीच्या इस्पितळात अतिदक्षता विभाग. बोरघाटात उलटलेल्या ट्रकांचे ड्रायव्हर, कारखान्यांत भाजलेली माणसं, विंचू चावलेली पोरं. वाचवलेला माणूस घाबराघुबरा घरी जातो, रात्ररात्र झोपत नाही आणि दोन महिन्यांनी पुन्हा त्याच खाटेवर येतो, हे तिला खुपायचं. कुणाच्या छातीवर दहा मिनिटं हात ठेवून शांत बसलं की मॉनिटरवरचा आकडा थोडा उतरतो, हेही तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मग ती पुण्याला जाऊन रेकी शिकली, ऊर्जा उपचारांचे वर्ग केले, त्यावरचे शोधनिबंध वाचले. कच्चे होते ते मनात बाजूला काढून ठेवले. बरोबरचे डॉक्टर चेष्टा करत, मॅडम आता झाडपाल्याचं औषध देणाऱ्या आजोबांच्या गादीवर बसणार म्हणून. बसलीच ती. पाटीवर 'एकात्मिक उपचार केंद्र' असं लिहिलं. गोळी आणि हात, दोन्ही. गावाने मात्र पाटी वाचलीच नाही. गाव त्याला 'छायाचा हात' म्हणायचं.

"सुंदराकाकीला काय बोलू नका," दारातून आवाज आला. "तिनं काय वाईट बुद्धीनं केलं नाय."

गोदा होती. हातात पेजेची वाटी तशीच. ठाकुरवाडीकडच्या वाडीतली ही बाई तीस वर्षं या घरात येत होती. पावसाळ्यात रानभाजी घेऊन, एरवी हाताखाली काम करायला. सुंदराच्या आणि तिच्या गप्पा कधी संपायच्या नाहीत. सुंदराला दिसायचं कमी, गोदाला ऐकू यायचं कमी, आणि दोघींचं झकास जमायचं.

"तुला माहीत होतं, गोदा?" छायाने विचारलं.

"म्हायती व्हतं की. बाबांचा नेम ना तो. काकीनं पाळला."

बाबा म्हणजे भिवाजी, छायाचा आजोबा. त्याचं नाव निघालं की या घरात अजूनही आवाज खाली यायचा. चाळीस वर्षं त्याने काविळीवर मुळी दिली, बुधवारी आणि रविवारी, ताकातून, फुकट. कर्जतपासून खालापूरपर्यंतची पिवळ्या डोळ्यांची माणसं या अंगणात बसलेली असत. मुळी वाटायचा भिवाजी, पण पायरीवर बसून प्रत्येकाला विचारायची ती त्याची सून, सुंदरा: दुसऱ्याचं काय चालू नाय ना? भिवाजीचा दंडक होता. एका वेळी एकाचं औषध. दोघांचं घेतलं तर एकाचाही गुण येत नाही, आणि ज्याच्या दारात आलास त्याचा तो अपमान.

छाया आठ वर्षांची असताना खालापूरचा एक माणूस आला होता. सुंदराने त्याच्या खिशातली इस्पितळाची पुडी पाहिली आणि त्याला परत पाठवलं. तो दुपारभर चिंचेखाली बसून राहिला. शेवटी त्याने पुडी खाचरात फेकली, तेव्हा त्याला ताक मिळालं. पुढे त्याचं काय झालं कुणाला ठाऊक. ही गोष्ट छायाने डॉक्टरांच्या दोन परिषदांत सांगितली होती. लोक खूप हसले होते.

"पण आजोबांचं वेगळं, गोदा," ती म्हणाली. "मी कधी कुणाला गोळी बंद कर म्हटलं नाही."

"तू नाय म्हटलंस गं ताई. पण काकीला लोक विचारायची ना, सुंदराकाकी, तू एवढी टुणटुणीत, ती गोळीनं का लेकीच्या हातानं? काकी बोलली मला, गोदे, मी गोळी खात राहिले तर यश त्या गोळीला जाणार, माझ्या छायाच्या हाताला काय? एवढी शिकून ती गावात येऊन बसली, लोक तिला येडी म्हणतात. म्हणून सोडली तिनं गोळी."

 प्रवीणने एक पट्टी उचलली, पाहिली आणि परत ठेवली.  आई विसरली असती, कंटाळली असती, तरी चाललं असतं. आईने हे तिच्यासाठी केलं होतं, हे छायाला सहन होईना.

"मला वाटलं, ती फक्त गुडघ्यांसाठी येते..." ती कशीबशी म्हणाली. आणि मग तिला दुसरंच काहीतरी सुचलं. बोलता बोलता ती थांबली. "गोदा, हे ती फक्त तुला बोलली ना?"

"मला? नाय गं. सगळ्यांना. मांडवात पाणी देते ना ती रविवारी. माठापाशी बसून विचारायची एकेकाला, दुसऱ्याचं काय चालू नाय ना? चालू असंल तर बंद करा नि मग या, नायतर छायाच्या हाताला गुण यायचा नाय."

सुंदरा माठापाशी बसायची ते छाया खिडकीतून बघायची. म्हातारीचा वेळ बरा जातो, चार माणसांशी बोलणं होतं, असं तिला वाटायचं. केसपेपरच्या तळाशी तिने बारीक अक्षरांत छापून घेतलं होतं, 'चालू औषधे परस्पर बंद करू नयेत.' आणि त्या कागदाच्या दहा पावलं आधी तिची सख्खी आई बसलेली होती.

"पोशाच्या गोळ्या?" तिने विचारलं. पोशा गोदाचा नवरा. त्याला फेफरं यायचं.

"बंद केल्या. दिवाळीपासून." गोदाच्या बोलण्यात नेम पाळल्याचं समाधान होतं. "मधी एकदा आली व्हती फिट. लहानशी."

"कुठे आहे तो?"

"मांडवात बसलाय."

"आरोही, माझ्या कपाटात वरच्या खणात त्याची गोळी आहे, नाव त्याच्या फायलीवर बघ. त्याला आत आणून खाटेवर बसव. मी येईपर्यंत त्याच्याजवळून हलू नकोस." आरोही पळाली. छाया पदर खोचून उठली तसा प्रवीण दाराशी जाऊन उभा राहिला.

"कुठं निघालीस?"

"मांडवात. सगळ्यांना सांगायला."

"काय सांगणार? आमच्या आईनं तुमच्या गोळ्या बंद केल्या म्हणून? डोकं ठिकाणावर हाय का? त्यातला एखादा वारला असंल तर? अख्ख्या तालुक्यात तोंड दाखवायला जागा उरायची नाय. आईला बोलता येत नाय नि तू तिच्या नावानं बोंब मारणार?"

"दादा बरोबर बोलतोय," मनोज म्हणाला.

दादा हा शब्द त्याच्या तोंडून सहा वर्षांनी आला. प्रवीणने चमकून त्याच्याकडे पाहिलं. आईच्या आजारपणाने जे जमलं नव्हतं ते घराच्या लाजेने एका मिनिटात जमवलं, आणि दोघं भाऊ दारात खांद्याला खांदा लावून उभे राहिले.

"गुपचूप करू ना ताई," मनोज समजुतीने म्हणाला. "तुझ्याकडं सगळ्यांचे नंबर हायेत. एकेकाला फोन कर. आठवड्याभरात होऊन जाईल. कुणाला काय कळायचं नाय."

खरं सांगायचं तर छायाला ते हवंसं वाटलं. आईची लाज राखली जाईल, आणि तिची स्वतःचीही. कारण दोष एकट्या माठाचा नव्हता. लोक येऊन पायाला हात लावत, तुमच्याच हातानं बरं वाटलं म्हणत, तेव्हा 'नाही हो, गोळीनेही' असं म्हणायला हवं होतं. ती नुसती हसायची. चौदा वर्षं इस्पितळात कुणी तिच्या पाया पडलं नव्हतं. ते हसू तिला आवडायचं. आईने बहुधा तेच पाहिलं असावं.

"दादा," ती म्हणाली, "तुझ्या कंपनीत वायूची गळती झाली तर तुम्ही काय करता? एकेकाला गुपचूप फोन करता?"

प्रवीणने मनोजकडे पाहिलं. एकवीस वर्षं तो त्या प्लांटवर होता.

"सांग ना."

"भोंगा," तो शेवटी म्हणाला. "भोंगा वाजवतो."

"मग बाजूला सर. आईचं नाव मी घेणार नाही. चूक माझी आहे, माझीच म्हणून सांगेन."

तो सरकला नाही, पण तिने दंडाला धरून बाजूला केलं तेव्हा अडूनही राहिला नाही.

मांडवात माणसं दाटीवाटीने बसली होती. पुढे गावातले, मागे वाड्यांवरचे, कडेला खुर्च्यांवर मनोजच्या खोल्यांतले पाहुणे. कुणी वालाच्या शेंगांची पिशवी आणलेली, मॅडमना द्यायला. माठापाशी आज कुणी नव्हतं. छाया आली तशी कुजबुज थांबली.

"सुंदराकाकी कशी हाय?" एकीने विचारलं.

"घरी आणलंय. मी एक विचारणार आहे, खरं सांगा. माझ्याकडे येताय म्हणून दवाखान्याच्या गोळ्या कुणी कुणी बंद केल्यात? त्यांनी हात वर करा."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग पहिल्या रांगेतल्या येसाजीने हात वर केला. साठीचा गडी, चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. "मी सगळ्या केल्या ताई! साखरेची, प्रेशरची, झाडून सगळ्या. नवरात्रापासून एक जिभेला लावली नाय."

त्याचं बघून दुसरा हात वर आला, मग तिसरा. एका बाईने मागे-पुढे बघणाऱ्या नवऱ्याचं मनगट धरून त्याचाही हात वर केला. बांगड्या वाजल्या. शाबासकी मिळणार म्हणून पोरं वर्गात करतात तसे ते हात ताठ होते. कडेच्या खुर्चीवर रिया बसली होती, मुंबईची, बँकेत नोकरीला, थायरॉइडची पेशंट. केसपेपरची तळाची ओळ तिने नक्कीच वाचलेली होती. तिनेही हात वर केला, थोडा लाजत. छायाने मोजले. तेवीस.

"हे चुकलं," ती म्हणाली. "माझं चुकलं. माझ्या हाताने झोप लागते. दुखणं हलकं होतं, भीती कमी होते. तेवढंच होतं. साखर, प्रेशर, फिट माझ्या हाताने थांबत नाही. त्याला गोळीच लागते. आजपासून, आत्तापासून परत सुरू करायच्या. एकेकाला तपासून मी सांगते कशा ते."

येसाजी मान डोलावत होता, पण हसू तसंच होतं. "ताई, तुमी आमची परीक्षा बघताय."

"नाही हो येसाजीकाका, मी खरं सांगतेय."

"भिवाजीबाबाबी असंच बोलायचे," मागून एक म्हातारी म्हणाली. "मी कोण, देणारा वरचा, असं म्हणायचे. गुणाचं माणूस कधी आपल्या तोंडानं सांगत नाय." माना हलल्या. हात अजून वरच होते. छाया पुन्हा सांगू लागली, आवाज चढवून, हात जोडून, आणि तिच्या लक्षात आलं की ती जेवढी नाही म्हणतेय तेवढी या लोकांच्या नजरेत मोठी होतेय. तिला रडू यायला लागलं. आपण डॉक्टर आहोत आणि एका माणसालाही पटवू शकत नाही, असं तिला वाटलं.

मागे चाकं कुरकुरली.

प्रवीण खुर्ची ढकलत येत होता. मनोजने पुढून धरलं होतं, उंबऱ्यावरून उतरवायला. खुर्चीत सुंदरा होती. ओठाचा एक कोपरा खाली ओघळलेला, उजवा हात मांडीवर, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा.

"आत का नाही ठेवलंत तिला?" छाया पुटपुटली.

"तिनंच दाराकडं बोट केलं," प्रवीण म्हणाला. "भिंतीपलीकडून ऐकलं तिनं सगळं." त्याचे डोळे लाल होते. "नको म्हटलं तरी ऐकेना."

 रविवारमागून रविवार ज्या बाईने त्यांना पाणी दिलं तिला या लोकांनी नऊ दिवसांत पाहिलं नव्हतं. सुंदराने त्यांच्याकडे पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वर उठलेल्या त्या सगळ्या हातांकडे. तिचं तोंड हललं. शब्द आला नाही, नुसता घशातला आवाज आला, आणि हनुवटीवरून लाळ ओघळली. मनोजने ती रुमालाने टिपली.

मग तिने आपला डावा हात वर केला. तो हळूहळू खांद्याच्या वरपर्यंत गेला. छायाने विचारलं होतं, कुणी कुणी बंद केल्या? आई उत्तर देत होती.

"आई, नको गं," छाया म्हणाली.

पहिला हात खाली आला तो येसाजीचा. त्याच्या तोंडावरचं हसू मावळलं होतं. त्याच्यामागे त्या नवरा-बायकोचे, मग रियाचा, मग एकेक करत मागच्या रांगांतले सगळे. सुंदराचा तेवढा वरच राहिला.